नांदेडचे दाजी आणि चव्हाट्यावरचा भाव

माझ्या हातून आजवर जे जे बिघडलं, ते मदत करायला गेल्यामुळे बिघडलं. गप्प बसून मी कधी कुणाचं नुकसान केलेलं नाही. पण सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर माणसाला एकाएकी कामाचा झटका येतो, आणि माझ्याकडे तर एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र होतं, जे मी वेतनवाढ अडकू नये म्हणून मिळवलं होतं, फाइलीत लावलं होतं आणि पुढे कुणी संगणकाचं काम सांगू नये म्हणून कुणालाही दाखवलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते मी घरच्यांना दाखवलं. तिथून सगळं सुरू झालं.

आमच्या हिचं माहेर लातूर. ही इकडे नांदेडला तरोड्यात आमच्या गच्चीवर आणि तिची वहिनी तिकडे लातुरात आपल्या गच्चीवर, अशा दोघी मिळून दर उन्हाळ्यात वाळवणं करून विकतात. उडदाचे पापड, कुरडया, शेवया, खारोड्या, सांडगे. माल एकमेकींकडे जातो-येतो, पण भाव मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. वहिनींना डाळ गिरणीतून परस्पर मिळते म्हणून लातूरला उडदाचा पापड ३४० रुपये किलो, आणि आमच्याकडे ४००. सगळा हिशेब दोन वह्यांत. हिची वही हिच्या उशाशी, वहिनींची वहिनींच्या. कसली अडचण नव्हती, कुणाची तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते बघवेना.

'दोन्ही गावांचं मिळून एक प्रोग्राम करून टाकतो,' मी म्हणालो. कोळशासारख्या तापलेल्या दुपारी पंख्याखाली बसून मी व्हिडिओ बघून जावास्क्रिप्ट शिकू लागलो, आणि त्या भाषेत नावं चक्क देवनागरीत लिहिली तरी चालतात हे कळल्यावर तर मला आवरणं कठीण झालं. भाव, एकूण, गिऱ्हाईक, बिलकाढ. पुढं व्हार लिहायचं, मग नाव, मग बरोबरचं चिन्ह, मग आकडा. नांदेडची एक फाइल केली. लातूरची करताना नांदेडचीच झेरॉक्स मारली आणि फक्त आकडे बदलले. सरकारी नोकरीत परिपत्रकं अशीच निघतात.

'काय करलालाव ते इतकं वाकून?' हिनं विचारलं. लग्नाला इतकी वर्षं होऊन नांदेडचं पाणी पिऊनही हिची बोली लातूरचीच आहे.

'तुमचं दुकान संगणकावर आणतोय.'

'आणा, पण डोळ्याला ताण देऊ नका,' ती म्हणाली. दुकानाला ताण पडेल हे तेव्हा तिलाही सुचलं नाही.

प्रोग्राम उत्तम चालला. बिलं भराभर निघत होती, गिऱ्हाईकं खूश होती, वजिराबादेतल्या बायका शेजारणींना घेऊन येत होत्या. दुकानात इतकं समाधान पसरलं की कुणाही शहाण्या माणसाला संशय यावा. हिला आला. तिनं स्टीलच्या डब्यातले पैसे मोजले, गेलेला माल मोजला, आणि मला विचारलं की नांदेडला आपण पापड लातूरच्या भावानं का विकतोय.

आता याचं कारण सांगतो, म्हणजे माझी चूक किती शास्त्रशुद्ध होती ते कळेल. वेब पानावर साध्या पद्धतीनं फाइल जोडली, की त्या फाइलीत कुठल्याही फंक्शनच्या बाहेर जे नाव लिहाल ते त्या फाइलीचं राहत नाही. ते सगळ्या पानाचं होतं. याला ग्लोबल स्कोप म्हणतात. माझ्या पानावर आधी नांदेडची फाइल यायची आणि जाहीर करायची, भाव ४००. तिच्या पाठोपाठ लातूरची यायची आणि त्याच चव्हाट्यावर उभी राहून सांगायची, भाव ३४०. व्हारनं मांडलेलं नाव दुसऱ्यांदा मांडलं तर ही भाषा हूं की चूं करत नाही. शेवटी जो बोलला त्याचं खरं. बिलकाढ हे फंक्शनही दोन्हीकडे त्याच नावाचं, त्यामुळे नांदेडचं बिलसुद्धा लातूरच्याच हातानं निघत होतं. पत्त्यांचंही तेच. शिवाजीनगर नांदेडला आहे आणि लातूरलाही आहे, आणि मी नुसतंच 'शिवाजीनगर' लिहून ठेवलं होतं. आमच्या शिवाजीनगरच्या शेवया त्या आठवड्यात लातूर बघून आल्या.

हे निस्तरायच्या आत कुरडयांचं प्रकरण झालं.

गिऱ्हाइकांची यादी एकेक करून पुढे सरकावी म्हणून मी मोजणीला 'क' हे नाव ठेवलं होतं. यादीतल्या प्रत्येक बाईंनी काय काय मागवलंय ते मोजायला जे वेगळं फंक्शन केलं, त्यातही 'क'च. दोन्ही ठिकाणी व्हार लिहायचं राहून गेलं. फंक्शनच्या आत व्हार लिहिलं असतं तर तो 'क' तिथल्या तिथे राहिला असता; न लिहिल्यामुळे दोघांचा मिळून एकच 'क' झाला, चव्हाट्यावरचा. संगणक शून्यापासून मोजतो. पहिल्या बाईंचा एकच जिन्नस होता, तो मोजून 'क' झाला १, बाहेर आल्यावर वाढून २, आणि दुसऱ्या बाईंना ओलांडून गाडी थेट तिसऱ्या बाईंपाशी गेली. तिसऱ्या बाईंचाही एकच जिन्नस. तो मोजून 'क' पुन्हा १, वाढून पुन्हा २, म्हणजे पुन्हा तिसऱ्याच बाई.

मी पडद्यावर प्रत्येक मागणीची छोटी खिडकी उघडेल अशी सोय केली होती. 'अर्धा किलो कुरडई.' मी ओके म्हटलं, वहीत लिहिलं. 'अर्धा किलो कुरडई.' पुन्हा ओके, पुन्हा लिहिलं. ब्राउझर मधेच नम्रपणे विचारत होता की या पानाला आणखी खिडक्या उघडायला मनाई करायची का, पण मी म्हटलं, दारी आलेलं गिऱ्हाईक, मनाई कसली करायची, आणि ओके करत राहिलो, लिहीत राहिलो, हाताला रग लागली, चहा निवून गेला, आणि मी मनाशी म्हणत होतो की बाईंच्या घरी लग्न निघालेलं दिसतंय. शेवटी लाईट गेली म्हणून मागणी थांबली.

बाई निवृत्त शिक्षिका. एकट्या राहतात. कवळी लावतात.

कुरडई म्हणजे काय असतं हे ज्यानं फक्त तळलेली खाल्ली आहे त्याला सांगून कळणार नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, आंबूस वास सुटला की वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा. तो रात्रभर निवळू द्यायचा, सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, मग उकळत्या पाण्यात मीठ-हिंग घालून तो चीक शिजवायचा, आणि हे शिजवताना हाताला मनगटापासून खांद्यापर्यंत जे होतं त्याला वैद्यकात काही नाव असेल. मग कढत असतानाच सोऱ्यात भरून, ऊन चढायच्या आत, गच्चीवर अंथरलेल्या प्लास्टिकवर एकेक कुरडई घालायची. हिनं तिसऱ्या बाईंसाठी भल्या पहाटे उठून गच्ची या कडेपासून त्या कडेपर्यंत भरली. पाणी तापवायला, सोऱ्या दाबायला मीही होतो. कावळे हाकलायचं काम तर सर्वस्वी माझ्याकडे होतं.

बाई अर्धा किलो घेऊन गेल्या.

तुम्ही म्हणाल, अशी भाषा केली कुणी? मीही हाच प्रश्न बऱ्याच रागानं शोधला. ब्रेंडन आइक नावाच्या गृहस्थांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत ती दहा दिवसांत उभी केली. दहा दिवसांत आमच्या कचेरीत फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नसे, त्यामुळे माझा राग निम्म्यानं तिथंच ओसरला. शिवाय त्यांच्या मनात वेब पानावरची छोटीमोठी कामं होती. पुढं लोक त्यावर अख्खी दुकानं आणि बँका चालवतील हे कोण सांगणार? भाषेच्या अधिकृत नियमांत प्रत्येक फाइलीला आपली स्वतंत्र खोली मिळाली ती २०१५ साली, आणि सगळ्या मोठ्या ब्राउझरांनी ती मानायला २०१८ उजाडलं. तोवर जगभरातले शहाणे लोक आपली नावं चव्हाट्यावर जाऊ नयेत म्हणून अख्खी फाइल एका फंक्शनच्या पोटात घालून ठेवायचे. ही भाषा ब्राउझरबाहेर चालवणाऱ्या, २००९ साली आलेल्या नोडमध्येही हीच युक्ती आहे. तो जुन्या धाटणीच्या प्रत्येक फाइलीला गुपचूप एका फंक्शनमध्ये गुंडाळतो. म्हणजे हा त्रास माझ्या एकट्याचा नव्हता. फरक इतकाच, की बाकीच्यांनी तो आधी वाचून घेतला होता.

मी वाचलं नव्हतं, म्हणून उधारी बुडाली.

बाकी सगळी नावं मराठीत होती, तेव्हा एखादं इंग्रजी असलं की प्रोग्रामला वजन येईल असं वाटून, पैसे दिले की नाही याच्या नोंदीला मी 'स्टेटस' हे नाव दिलं. दिले तर ट्रू, नाही दिले तर फॉल्स. आता गंमत अशी की ब्राउझरच्या खिडकीचं स्वतःचं एक 'स्टेटस' पहिल्यापासून आहे, खिडकीच्या तळाच्या पट्टीवर मजकूर दाखवायला ठेवलेलं, आणि त्याला मजकुराशिवाय दुसरं काही समजत नाही. चव्हाट्यावर ते नाव घेतलं की ते आपलं नसतं, त्या खिडकीचं असतं. मी त्यात फॉल्स घातलं, त्यानं त्याचा 'फॉल्स' असा अक्षरी शब्द करून ठेवला. आणि या भाषेत रिकामा नसलेला कुठलाही मजकूर खराच धरला जातो. म्हणजे 'खोटं' हा शब्द खरा. कोर्टात टिकेल असा युक्तिवाद आहे, पण त्याचा परिणाम असा झाला की ज्यांनी ज्यांनी पैसे दिले नव्हते त्या सगळ्यांनी दिले, असं प्रोग्रामनं एकमुखानं सांगितलं.

उधारी शून्य! मी हिला हाक मारून पडदा दाखवला. नुसतं दाखवून थांबलो असतो तरी चाललं असतं, पण माझ्यातला जुना पत्रव्यवहार कारकून जागा झाला आणि मी यादीतल्या एकूण एक गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर 'आपली रक्कम मिळाली, आभारी आहोत' असा निरोप हात जोडलेल्या चित्रासह पाठवून दिला. काहींनी उलट अंगठा पाठवला. एका बाईंनी 'तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत' असंही लिहिलं. आभार मानून झाल्यावर पैसे मागायचे कसे, हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

हिच्या भावाची मुलगी विष्णुपुरीला गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत संगणक शिकते, नांदेडला होस्टेलवर असते आणि रविवारी आत्याकडे जेवायला येते. तेव्हा ती सुटीला लातूरला गेली होती. तिला फोन केला. 'मामा, व्हार कशाला वापरता? लेट वापरा,' एवढं सांगून तिनं फोन ठेवला, कारण मागून कुणीतरी आंबे खायला बोलावत होतं. मी सगळीकडे व्हार खोडून लेट लिहिलं. लेट हे व्हारसारखं सोशिक नाही. नांदेडच्या फाइलीनं भाव मांडला, मागून लातूरच्या फाइलीनं तोच शब्द काढला मात्र, ब्राउझरनं हे नाव आधीच घेतलेलं आहे असं सांगून लातूरची अख्खी फाइलच उभी केली नाही. आजवर नांदेडचं नुकसान होत होतं. आता वहिनींचं दुकान बंद पडलं.

तोंड दाखवायला जावंच लागलं. उरलेल्या कुरडयांची बोचकी घेऊन एसटीनं निघालो. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला उतरलो तेव्हा वरच्या कुरडया कुरडया होत्या, खालच्यांचा चुरा झाला होता. त्यातला बरा माल गंजगोलाईजवळच्या एका ओळखीच्या दुकानात टाकून मग घरी यायचं असं ठरलं होतं. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. १९१७ सालची ती गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ, आणि एकेका रस्त्याला एकेक बाजार: कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. मला मेहुण्यांनी फोनवर सांगितलं होतं, 'गोलाईजवळ कुणालाही विचारा.' मी विचारत गेलो आणि लोकही मनापासून सांगत गेले, त्यामुळे अंबाबाईचं दर्शन मात्र त्या दुपारी मनाजोगतं झालं.

घरी सगळ्या लेकी-जावयांचा मेळा भरला होता. जेवायची पानं मांडली आणि वहिनींनी आतून हाक मारली, 'दाजी, चला!' आम्ही तिघं एकदम उठलो. उदगीरचे दाजी, औशाचे दाजी आणि मी. दारात तिघांची खांदेठोक झाली, आणि पाट एकच मांडलेला होता, कारण हाक औशाच्या दाजींना होती, त्यांना गाडी गाठायची होती. मी परत जाऊन भिंतीला टेकून बसलो. भाची हसत होती.

'मामा, तुमच्या प्रोग्रामला हेच झालंय,' ती म्हणाली. 'औशाच्या घरात नुसतं दाजी म्हटलं की औशाचे. तिथं दुसरं कुणी उठत नाही. इथं मोठ्या घरात नुसतं दाजी म्हटलं की सगळे उठतात. म्हणून आजी कशी, नांदेडचे दाजी, उदगीरचे दाजी असं म्हणते? तुम्ही प्रत्येक फाइलीला तिचं घर द्या. मॉड्यूल करा. आतलं नाव आत राहील. बाहेर द्यायचं तेवढं एक्सपोर्ट करायचं आणि घेणाऱ्यानं नांदेडचा भाव, लातूरचा भाव असं वेगळं नाव लावून इम्पोर्ट करायचं.'

इतकं स्वच्छ मला आजवर कुणी काही समजावलं नव्हतं. म्हणून मी म्हणालो, 'कळलं. पुढचं मी करतो.'

रात्री सगळे गच्चीवर झोपायला गेल्यावर मी तिच्या लॅपटॉपवर फाइल जोडण्याच्या ओळीत 'टाइप मॉड्यूल' असं लिहिलं आणि पान दोनदा टिचकी मारून उघडलं. काहीच झालं नाही. पानावर चूकसुद्धा दिसली नाही, नुसती शांतता. मॉड्यूलची फाइल ब्राउझर अशी थेट डिस्कवरून उचलत नाही, तिला मधे सर्व्हर लागतो. तो भाचीनं सकाळी दात घासता घासता पायथॉनच्या एका ओळीत सुरू करून दिला. आता पान आणि ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी उघडली, तर तांबड्या अक्षरांत तक्रार आली की 'क' कोण ते माहीत नाही. मॉड्यूलमध्ये भाषा कडक होते, न मांडलेलं नाव चालवून घेत नाही. ज्या 'क'नं आमची गच्ची भरवली त्याला तिनं पहिल्याच ओळीला धरला. मी त्याच्याआधी लेट लिहिलं, आणि मग बटणं मेली. 'बिल काढा' दाबावं तर बिलकाढ नावाचं काही नाहीच म्हणे. कारण बटणाच्या ओळीत लिहिलेली हाक चव्हाट्यावर जाते, आणि बिलकाढ आता दार लावून घरात बसलेलं.

इथं मी माझ्या बुद्धीनं एक उपाय शोधला. विंडो म्हणजे तो चव्हाटाच. विंडो, टिंब, नाव असं लिहिलं की घरातली वस्तू बाहेर टांगता येते. मी बिलकाढ टांगलं. मग एकूण टांगलं. मग भाव, गिऱ्हाईक, पत्ता, दोन्ही फाइलींतलं जे जे हाताला लागलं ते एकेक करून बाहेर नेऊन टांगलं, आणि पान सुरू झालं. नांदेडचा पापड पुन्हा ३४०!

भाचीनं ते पाहिलं आणि लॅपटॉप माझ्या मांडीवरून काढून घेतला. बटणांना तिनं फाइलीच्या आतूनच फंक्शनं जोडली, टांगलेलं सगळं उतरवलं, स्टेटसचं 'पैसेदिले' केलं. दोन्ही भाव एका पानावर सुखानं नांदू लागले. इतक्या दिवसांच्या माझ्या कामाला तिला वहिनींचे पोहे व्हायच्या आतली वेळ पुरली.

आता एकच भानगड उरली होती. लातूरचा भाव कमी म्हणून आमची काही गिऱ्हाईकं परस्पर लातुरातल्या नातेवाइकांकडून पापड मागवू लागली होती. नांदेडला परतल्यावर हिनं मला हळूच सांगितलं, 'त्यांचा भाव इथूनच थोडा वर सरकवा की. वहिनीला काय कळतंय.' मी नांदेडच्या फाइलीत लातूरभाव बरोबर ३९० असं लिहिलं. ब्राउझरनं साफ नकार दिला. इम्पोर्ट केलेलं नाव वाचता येतं, त्यात काही घालता येत नाही. तिकडे मूळ घरात भाव बदलला की इकडे आपोआप बदललेला दिसतो, पण इकडून बदलायचा तर त्या घरानं तशी सोय बाहेर ठेवलेली असावी लागते, आणि वहिनींनी भाचीला सांगून ती ठेवूच दिली नव्हती. वहिनींच्या घरातलं काहीही इथून बदलत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. संगणकाला ते इतक्या उशिरा कळावं याचंच नवल वाटलं.

आणि आठवडाभरात लातूरचा भाव ३२० झाला. वहिनींनी आतूनच केला. आमच्या पडद्यावर तो तत्काळ दिसला. हिनं फोन उचलला आणि दोघी जवळपास तासभर बोलल्या, आधी भावाबद्दल, मग डाळीबद्दल, मग कुणाच्या तरी बारशात कोण कुणाला काय म्हणालं होतं त्याबद्दल. मी मधे पडलो नाही.

मूळ फाइली आता भाचीकडे असतात. मला त्या उघडून बघता येतात, वाचता येतात, दुसऱ्यांना समजावूनही सांगता येतात. हात लावता येत नाही. तशी ती मनानं चांगली आहे. 'बिल काढा' या बटणाचा रंग तेवढा तिनं माझ्याकडे ठेवला आहे. काल तो जांभळा होता, आज कोथिंबिरीसारखा हिरवा केलाय. उद्यासाठी दोन-तीन हेरून ठेवलेत.